फळ्याची उजवी बाजू

आमच्या सोसायटीत नाना मिठबावकर हे एकच गृहस्थ असे होते, की त्यांना कोणी शिव्या घालायला सुरुवात केली की ते खूश होऊन खिशातून खडू काढायचे.

"असं तोंडी नको," ते म्हणायचे. "तोंडी बोललेलं हवेत जातं. हा घ्या खडू. खाली फळा आहे. उजवी बाजू रिकामीच आहे."

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? चौथ्या मजल्यावरून तणतणत निघालेल्या माणसाचा राग दुसऱ्या मजल्यापर्यंत कसाबसा टिकायचा. फळ्यापाशी पोचेपर्यंत गडी थंड. मग हातात खडू आहेच तर म्हणून 'पाणी जरा लवकर सोडावे' एवढंच लिहून बिचारा परत जिने चढायचा.

मुलुंड पूर्वेची आमची सुखशांती सोसायटी. चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही, सुख थोडं आणि शांती अजिबात नाही. आणीबाणी उठून सात-आठ वर्षं झाली होती. रंगीत टीव्ही एकाच घरात आला होता आणि रविवारी संध्याकाळी बाकीची घरं त्या घरात राहायला जायची. जिन्याखाली मीटरबॉक्सशेजारी सोसायटीचा फळा होता. नाना रिटायर झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या फळ्याच्या मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटची उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'मत'. उजवीकडे लिहिलं 'विरुद्ध मत'. डावी बाजू त्यांची, उजवी जगाची.

रोज सकाळी सात वाजता नानांचं मत पडायचं. 'मत : दुसऱ्या मजल्यावर झटकलेली सतरंजी पहिल्या मजल्यावरचे लोक नाकाने आत घेतात.' किंवा, 'मत : जिन्यात पान थुंकणारा आपल्यातलाच आहे. बाहेरचा माणूस थुंकण्यासाठी चार मजले चढणार नाही.' खाली सही, तारीख.

इथवर ठीक. पण संध्याकाळपर्यंत उजव्या बाजूला कोणी काही लिहिलं नाही, की नानांचं जेवणावरचं लक्ष उडायचं. एकदा आठ वाजता आमची बेल वाजली. मी आपला पेटीवर यमन घोटत बसलो होतो.

"सुरेश, सतरंजीवर तुझं काहीच म्हणणं नाही?"

"नाही हो नाना. बरोबरच लिहिलंय तुम्ही."

"पूर्ण बरोबर?" नानांचा चेहरा पडला. "सोळा घरांत एकालाही चूक दिसली नाही? म्हणजे लोक घाबरलेत."

"सतरंजीला कोण घाबरतंय नाना?"

"सुरुवात सतरंजीपासूनच होते रे," असं म्हणून ते आत येऊन बसले आणि स्वतःच्याच विरुद्ध मला मुद्दे सांगायला लागले. "तू असं लिही की सतरंजी झटकायची नाही तर काय चाटायची? बोचेल असं लिही." मी कंटाळून खाली जाऊन लिहून आलो. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला नानांचं संतापलेलं उत्तर होतं : 'चाटायची का असे विचारणाऱ्यांच्या संस्कारांची कीव येते.' आणि जिन्यात भेटले तर म्हणतात, "काय झकास लिहिलं होतंस रे! रात्रभर डोक्यात राहिलं."

विरुद्ध मतातला एक काना की मात्रा ते दुरुस्त करायचे नाहीत. शैला, म्हणजे आमची सौ., शाळेत मराठी शिकवते. तिला एकदा राहवलं नाही, तिने फळ्यावरचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. नाना तिला म्हणाले, "बाई, आज वेलांटी सुधारली, उद्या शब्द सुधाराल, परवा माणूस सुधाराल. सेन्सॉर हा असाच वाढतो." बाईने त्यानंतर खडूला हात लावला नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या मेहताभाईंनी एकदा रागाने गुजरातीत चार ओळी लिहिल्या. नानांना अक्षर कळेना. पण पुसलं तर अन्याय होईल म्हणून ते आठ दिवस तसंच ठेवलं आणि शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्याला हाताला धरून घेऊन आले. वाण्याने वाचलं आणि तो कानकोंडा झाला. "काका, तुमाला गधेडा बोलला छे." नाना म्हणाले, "ते कळलं. पण कुठल्या मुद्द्यावर?"

या माणसाची एवढी सहनशक्ती आली कुठून, असं नवीन भाडेकरू विचारायचे. आम्ही जुने लोक पहिल्या मजल्याकडे बोट दाखवायचो. तिथे इंदूकाकी राहायच्या. नानांचं कुटुंब. मालवणकडच्या, उंचीने जेमतेम साडेचार फूट, आणि आवाज असा की गॅलरीतून त्यांनी "गो बायेऽऽ, वर ये!" अशी कोळणीला हाक मारली की शेजारच्या दोन सोसायट्यांतल्या बायका ताटं घेऊन खाली यायच्या. नानांशी त्या रोज भांडायच्या आणि कधीही घरात भांडायच्या नाहीत. गॅलरीत येऊन, कठड्यावर दोन्ही हात ठेवून, खाली जमलेल्या जनतेला सांगायच्या, "बघितलात? ह्या माणसाक बोंबील घेवन ये म्हणून सांगितलंय, तर वाम घेऊन इलो!" नाना आतून ओरडायचे, "बोल, बोल! लोकशाही आहे!" तीस वर्षं हे असं चाललं होतं.

मग काकींच्या घशात गाठ निघाली. मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. परत आल्या त्या गळ्याला पांढरं फडकं बांधून, आणि आवाज काही आला नाही. गॅलरीत बसायच्या, हात हलवायच्या. कोळीणसुद्धा बिचारी गोंधळून जायची. घासाघीस करायला समोर कोणी उरलंच नव्हतं, तेव्हा ती आपली आपणच भाव उतरवून मोकळी व्हायची. कधी नव्हे ती सोसायटीत शांती आली आणि आम्हाला करमेनासं झालं.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी फळ्याच्या उजव्या बाजूला तो निनावी माणूस उगवला.

वाकडंतिकडं, उताराला लागलेलं अक्षर. पहिल्या दिवशी : 'नाना बडबड्या आहे.' दुसऱ्या दिवशी : 'नानाला वाटते अक्कल फक्त त्याला आहे.' तिसऱ्या दिवशी : 'नानाला बाजारात कोणीही फसवते. काल शिळे बांगडे आणले.' वेळ ठरलेली. सकाळी बाजू रिकामी, चार वाजता ओळ हजर. आम्ही सगळे नोकरीवर आणि घरी असलेले दुपारच्या झोपेत, तेव्हा कोणी लिहिताना पाहिलं नाही.

नाना हवेत! जिन्यात भेटेल त्याला सांगायचे, "आला रे, खरा विरोधी पक्ष आला! भीड नाही, मुर्वत नाही!"

"नाना, तो तुमची रोज अब्रू काढतोय."

"काढू दे की. माझी आहे, मी देतो."

हळूहळू तो निनावी माणूस बाकीच्यांकडे वळला. माझ्यावरही ओळ पडली : 'तिसऱ्या मजल्यावर पेटी वाजते की पेटीला कोणी मारते?' शैला ही ओळ वाचून जिन्यातच खाली बसून हसली. मी हसलो नाही. बँकेत आठ तास दुसऱ्यांची तोंडं बघून घरी आल्यावर माणसाने जरा पेटी वाजवली तर यांच्या बापाचं काय जातं? मग एके दिवशी सेक्रेटरी टिपणीसांची पाळी आली : 'टिपणीस, झोपलास काय? पाण्याला वास येतो. टाकीत डोकावून बघ.'

टिपणीस सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. 'रीतसर' हा त्यांचा शब्द. त्यांना कोणी 'टिपणीस, झोपलास काय' असं आयुष्यात म्हटलं नव्हतं. लाल होऊन ते गच्चीवर गेले, टाकीचं झाकण उचललं आणि आत मेलेलं कबूतर निघालं. अख्ख्या इमारतीची वाट लागली. चार दिवस त्या पाण्याचा चहा प्यायलेली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. आणि टिपणीस काय म्हणाले असतील?

"हे रीतसर कळवायला हवं होतं. अर्ज कुठाय?"

"अर्ज कबुतराने द्यायचा होता काय हो?" शैलाने विचारलं.

झालं. टिपणीसांनी निनावी माणसाला शोधायचा विडा उचलला. घरोघरी कागद पाठवला : प्रत्येकाने 'टाकी बुधवारी धुतली जाईल' हे वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहून सही करावी. नानांनी त्यावर लिहून पाठवलं, 'निनावी माणसाला नाव विचारणे असभ्य आहे.' बाकीच्यांनी मुकाट्याने वाक्य लिहिलं. टिपणीस तीन दिवस भिंग घेऊन बसले होते. फळ्याशी सगळ्यात जास्त अक्षर जुळलं ते टिपणीसवहिनींचं. त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, आणि तिसऱ्या दिवशी टिपणीसांनी सर्वसाधारण सभेची नोटीस काढली. फळ्याला काचेचं दार बसवायचं. दाराला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे. ज्याला काही लिहायचं असेल त्याने मजकूर तीन दिवस आधी लेखी द्यावा, योग्य वाटल्यास तो लिहिला जाईल.

नोटीस वाचली त्या संध्याकाळी नाना माझ्याकडे आले. मी सोसायटीचा अध्यक्ष होतो. कसा झालो म्हणाल तर पहिल्या सभेत मी पाणी प्यायला उठलो आणि परत येईपर्यंत झालो होतो.

नाना बसले आणि एकदम म्हणाले, "तुला आमच्या कारखान्यातली सूचनापेटी सांगितली का रे कधी?"

नाना भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे दारापाशी लोखंडी पेटी होती, तिला कुलूप. कामगारांनी सूचना लिहून आत टाकायच्या. नानांनी बावीस वर्षं दर महिन्याला सूचना टाकली. पंखा फिरत नाही. संडासाची कडी तुटली. नव्या पोरांना हातमोजे द्या. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर साहेब कौतुकाने म्हणाले, आज नानांच्या हस्ते पेटी उघडू. किल्ली सापडेना, शेवटी पेटी तोडली. आत नानांच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. पहिली सगळ्यात खाली, शेवटची वर. एकही हललेली नव्हती.

"बावीस वर्षं मी बोलत होतो असं मला वाटत होतं," नाना म्हणाले. "कुलपाआड माणूस बोलला काय आणि न बोलला काय. सुरेश, हवं तर माझ्यावर बंदी घाला. डावी बाजू टिपणीसांना द्या, त्यांना रीतसर काय लिहायचं ते लिहू देत. पण उजवी बाजू उघडी ठेवा रे. तेवढं करा."

स्वतःची बाजू सोडून शिव्या देणाऱ्याची बाजू मागणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघत होतो. पण खरं सांगतो, माझं मन कुलपाकडेच होतं. पेटीची ओळ मला झोंबली होती.

रविवारची सभा गच्चीवर झाली. दुबईवाल्यांचं घर कायम बंद, मी अध्यक्ष, उरली चौदा मतं. सात कुलपाच्या बाजूने, सात विरुद्ध. निर्णय माझ्या मतावर आला. चौदा जोडी डोळे माझ्यावर. मी शूरपणे म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगतो."

त्या आठवड्यात टिपणीस मला दोनदा चहाला बोलवून गेले. नानाही आले, पण कशाला? टिपणीसांचे मुद्दे समजावून सांगायला! "त्यांचंही नीट ऐक हं. निनावी लिहिलं तर निष्पाप माणसाची बदनामी होऊ शकते, हा त्यांचा मुद्दा वजनदार आहे. तो त्यांना नीट मांडता येत नाही." मी कपाळावर हात मारून घेतला. या माणसाला जिंकायचंय की हरायचंय, तेच कळेना.

गुरुवारी मला ताप भरला. साहेबांना सांगून मी अर्ध्या दिवसाने घरी निघालो. अडीच वाजता सोसायटीत शिरलो तेव्हा इमारत गाढ झोपली होती. जिन्याखाली आलो आणि थबकलो.

फळ्यासमोर स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल. स्टुलावर इंदूकाकी, चवड्यांवर उभ्या, हात ताणून उजव्या बाजूला लिहीत होत्या. आणि खाली उकिडवे बसून, स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून, नाना. तोंड फळ्याकडे नाही, मीटरबॉक्सकडे. डोळे गच्च मिटलेले.

"झालं का गो?" नाना कुजबुजले. "सावकाश. मी बघत नाही."

काकींनी पूर्णविराम दिला, वळल्या आणि त्यांना मी दिसलो. एक क्षण त्या दचकल्या. मग माझ्याकडे बोट रोखून असे काही डोळे वटारले, की आवाज नसतानाही मला तो ऐकू आला. खबरदार बोललास तर! नानांच्या खांद्यावर हात ठेवून त्या खाली उतरल्या, खडूचा हात पदराला पुसला आणि कठड्याला धरून वर गेल्या.

नानांनी डोळे उघडले. मला बघून ओशाळले. "आधी वाचायचं नाही, असं ठरवलंय मी," ते म्हणाले. "लिहिता लिहिता वाचलं तर मध्येच तोंड घालीन रे मी. स्वभाव आहे."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"घरी पाटी आणून दिली होती. म्हटलं, काय भांडायचं ते यावर भांड. तिने एक ओळ लिहिली आणि पाटी माझ्या अंगावर फेकली. 'एकट्याशी काय भांडू? लोक कुठे आहेत?' बरोबर आहे रे तिचं. तीस वर्षं चारचौघांत भांडलेली बाई. घरातल्या घरात कशी भांडेल? दोन महिने जेवायची नाही धड. मग एक दिवस तिला इथे घेऊन आलो. 'नाना बडबड्या आहे' लिहिलं ना, त्या रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या."

मग ते फळ्याकडे वळले, आणि आम्ही दोघांनी एकदमच वाचलं.

'नाना रात्री झोपत नाही. बायकोच्या उशाशी बसून तिचा श्वास चालू आहे का बघतो. ती मरत नाही. कोणीतरी सांगा त्याला. झोप म्हणावे.'

तेवढ्या चार ओळी वाचायला नानांना फार वेळ लागला. मी मीटरबॉक्सकडे बघत राहिलो, कारण माझेच डोळे भरून आले होते. शेवटी नाना म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण मला पटलेला नाही." स्टूल उचलून ते हळूहळू जिना चढून गेले. मला वाटलं होतं, पुसून टाकतील. त्यांनी ओळीला बोटही लावलं नाही.

आणि मग संध्याकाळ झाली, लोक कामावरून परतायला लागले. मी तापात गॅलरीत शाल गुंडाळून बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं. एकेक जण फळ्यापाशी थांबायचा, मग पहिल्या मजल्यावरची बेल. मेहताभाई म्हणाले, "नानाभाई, सुई जाव ने हवे, झोपा." चौथ्या मजल्यावरची आजी दम खात खात उतरून आली आणि नानांना अरे-तुरे करून झापून गेली. शैलाने दुधात जायफळ उगाळून पेला पोचवला. नाना दारात उभे राहून प्रत्येकाशी वाद घालत होते. "तुम्ही एकच बाजू वाचून आलात!" आणि काकी, गळ्याला ते फडकं, आत खुर्चीत मांडी घालून बसलेल्या. शैला सांगत होती, प्रत्येक माणूस नानांना ओरडायला लागला की काकी समाधानाने मान डोलवत होत्या.

ते कोणी लिहिलं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. कोणाच्या घरी कुठली भाजी शिजतेय यावर तासभर बोलणारी आमची इमारत! मी शैलालाही बोललो नव्हतो, आणि तीही मला काही बोलली नाही. नुसती पदराने डोळे पुसत कांदा चिरत होती, आणि त्या दिवशी कांदा नव्हता, दुधी होता.

रविवारी मी भाषण तयार करून गच्चीवर गेलो. माझं मत बदललं होतं आणि त्याचं कारण मला कोणाला सांगता येणार नव्हतं, म्हणून लोकशाहीवर चार जड वाक्यं पाठ केली होती. ती वापरायची वेळच आली नाही. मी तोंड उघडायच्या आत टिपणीस उठले.

"कुलपाचा ठराव मी मागे घेतोय."

"कारण?" नाना ताडकन उभे राहिले.

"कारण रीतसर कळवण्यात येईल."

"असं कसं? चर्चेशिवाय? तुमची बाजू कोणी नीट मांडलीच नाही! निष्पाप माणसाच्या बदनामीचा मुद्दा..."

"नाना, बसा!" अख्खी सभा एका आवाजात ओरडली. नाना बसले, पण शेवटपर्यंत पुटपुटत होते की आपल्याला न्याय मिळाला नाही.

बुधवारी सकाळी मी कामाला निघालो, तर जिन्याखाली ठोकठोक चाललेली. फळा भिंतीवरून उतरवलेला. टिपणीस बनियनवर, हातात हातोडी, ओठांत दोन खिळे.

"हे काय?" मी विचारलं.

"उंची रीतसर नव्हती," खिळ्यांमधून टिपणीस म्हणाले. "दोन फूट खाली घेतोय."

त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. मग इकडेतिकडे कोणी नाही असं बघितलं. मला त्यांनी बहुधा मोजलंच नाही. गुडघे वाकवले, मान खांद्यात घेतली, स्वतःला जेमतेम साडेचार फूट करून घेतलं, आणि उजवा हात वर करून हवेत एक ओळ लिहून बघितली.

"पोचतो," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला खिळा ठोकला.